बाबांची हायकोर्टातली एकुलती एक परदेशी केस

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहायचो. बाबा वकील होते, पण त्यांची सगळी वकिली घरमालक आणि भाडेकरूंच्या भांडणांत अडकलेली. कुणाचं छत गळायचं, कुणाचा नळ मालकाने तोडलेला असायचा. बाबा म्हणायचे, मुलुंडला भिंती आहेत तोवर आपल्याला मरण नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर टांझानियाचा एक विद्यार्थी भाड्याने राहायचा. औषधशास्त्र शिकायला आलेला. आईला तो काकी म्हणायचा आणि तिच्या हातची सुक्या जवळ्याची चटणी भाकरीबरोबर हाणायचा. त्या वर्षी कॉलेजची परीक्षा लांबली आणि त्याच्या व्हिसाची मुदत मात्र संपली. मुदतवाढ मागितली होती, तिचं उत्तर यायच्या आतच पोलीस त्याला घेऊन गेले. देशाबाहेर पाठवायचा हुकूम निघाला होता आणि तोवर त्याला कोठडीत ठेवणार होते.

आईने बाबांना केस घ्यायला सांगितलं. बाबांनी समजावलं की परदेशी नागरिकांचा कायदा वेगळा, आपण हायकोर्टात कधी उभेही राहिलेलो नाही. आई डबा भरत म्हणाली, "मी त्याला जेवण नेतेय. तुम्ही काय नेणार?"

बाबा कामाला लागले. दाढी करताना आरशासमोर इंग्रजीत युक्तिवाद चालायचा आणि हनुवटी कापून घेतली जायची. सुनावणीला मी कॉलेज बुडवून मागच्या बाकावर बसले होते. उभं राहताच बाबा सवयीने म्हणाले, "माय लॉर्ड, माझा भाडेकरू..."

न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, हा भाडेकरू खोलीचा की देशाचा? सगळे हसले. बाबांचे कान लाल झाले, पण त्यांची भीतीही तिथेच संपली असावी. ते शांतपणे म्हणाले, "खोलीचा. देशाचा तो पाहुणा आहे आणि पाहुण्याला जा म्हणतानाही कारण सांगावं लागतं."

निकाल असा लागला की परदेशी माणसाला परत पाठवायचा सरकारचा अधिकार कायम आहे, पण कारण न सांगता आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभं न करता त्याला डांबून ठेवणं बेकायदा आहे. त्याला सोडा, त्याचं म्हणणं ऐका, मग ठरवा. त्याचं म्हणणं ऐकलं गेलं आणि परीक्षेपर्यंत राहायची परवानगी मिळाली.

बाबा इमारतभर जिंकलो म्हणून सांगत फिरले. आईला तो जाणार हे कळल्यावर तिने विचारलं, मग जिंकलात ते काय? बाबा तिला बराच वेळ समजावत होते. तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

तो पास झाला. सहारच्या विमानतळावर आम्ही तिघं गेलो. आईने चटणीची बरणी दिली. तो बाबांच्या पाया पडला तेव्हा बाबांनी त्याला उठवलं आणि त्याची बॅग स्वतःच उचलून चालू लागले.

बाबांना पुन्हा परदेशी अशील मिळाला नाही. बाजारात कुणी परदेशी दिसला, की मात्र ते भाजी घ्यायची सोडून त्याच्याकडे मोठ्या आशेने बघत राहायचे.