बावीस घमेली

२७ मे. आजचं काम : तलावाच्या बांधावरच्या भेगा मोजायच्या आणि उताराच्या अहवालावर सही करायची. चार फुटी सळई, टेप आणि वही गाडीत टाकून सकाळीच सोलापुरातून निघाले. तलाव वळसंगच्या पुढे, आतल्या रस्त्याला. गुरुवारी त्यात कालव्याचं पाणी सोडायचं ठरलंय. बांधाच्या पायथ्याशी चौकीदाराचं घर आहे. बांध घसरला तर आधी तेच जाईल.

उताराचं गणित करताना आम्ही माती तपासणारे इंजिनिअर कागदावर बांधाच्या पोटातून कमानी काढतो. माती त्या कमानीवरून घसरेल असं धरायचं, आणि तिला धरून ठेवणाऱ्या बळाला खाली ढकलणाऱ्या बळानं भागायचं. उत्तर दीडच्या वर आलं तर बांध पास. पण माथ्यावर खोल भेग असेल तर तेवढ्या खोलीतली माती काहीच धरत नाही, आणि भेगेत पाणी साचलं तर तेही ढकलतं. काळी माती उन्हाळ्यात फाटतेच. किती खोल, एवढंच बघायचं. मागच्या आठवड्यात लांबी-रुंदी टिपली होती. सळई न्यायची राहिली होती, म्हणून आजचा हेलपाटा.

बांधावर चढले तर एकही भेग दिसेना. माथा सारवल्यासारखा गुळगुळीत. चौकीदाराची बायको खराटा घेऊन उभी.

"भेगा कुठं गेल्या?"

"बुजवल्या की. तुमी येनार म्हनून. असं फाटकं दाखवायचं व्हय तुमाला?"

डोकं फिरलं. पण 'भेगा बघायला येते' असं मीच सांगून गेले होते, आणि पाहुणे येणार म्हटल्यावर तिनं घर आवरावं तसा बांध आवरला होता. तिला काय बोलणार?

दहा ठिकाणी सळई खुपसली. दर वेळी चार बोटं ओली माती आणि खाली दगडासारखी टणक. भेगेची रेघच पुसली गेलेली. तलावाचं काम बघणाऱ्या शाखा अभियंत्यांना फोन लावला.

"मॅडम, भेगाच नाहीत तर खोली कशाची मोजताय? द्या की क्लिअर रिपोर्ट."

मी फोन ठेवला. बाईनं चहा आणला आणि शेजारी टेकली.

"त्या लिंबाजवळच्या भेगेनं लई दमवलं बगा. बावीस घमेली गिळली. बाकीच्या चार-पाचात गप झाल्या."

मी कप खाली ठेवला. "मोजलीत?"

"मोजंना तर. खालनं डोक्यावर कुनी आनली?"

वही काढली आणि एकेका भेगेची घमेली लिहून घेतली. घमेल्यात किती माती मावते ते ठाऊक, लांबी-रुंदी हाताशी. खोली काढणं शाळेतलं गणित. त्यातही वरून टाकलेली माती तळापर्यंत पोचली नसणार, म्हणजे भेग निदान एवढी तरी खोल. घरी येऊन लिंबाजवळच्या कमानी पुन्हा सोडवल्या. उत्तर जेमतेम एकला टेकलं.

अभियंत्यांना कळवलं. ते हसले. "घमेल्यांवर बांध नापास करता? मी वर काय सांगू?"

"उद्या सातला बांधावर या. मग सांगा काय ते."

२८ मे. सकाळी सातला बाईला पुढे चालवलं आणि ती दाखवेल तिथे चुन्याची रेघ ओढली. लिंबाजवळ वरचा थर खरवडला आणि सळई अभियंत्यांच्याच हातात दिली. त्यांनी दाबली. ती सुरीसारखी आत गेली आणि त्यांची मूठ जमिनीला टेकली.

"अजून जाईल?"

"मोठी सळई असती तर कळलं असतं."

"म्हंजे आता सगळं पुन्ना उकरायचं?" बाईनं विचारलं. मी होय म्हटलं. भेगा उकरून, थराथरानं चोपून भरल्याशिवाय पाणी सोडू नये, असं पत्र गाडीच्या बॉनेटवर लिहिलं आणि दुसऱ्या प्रतीवर अभियंत्यांची पोच घेतली.