तीन आसूडवेण्या घेऊन कोयना ते औंध

थोरली सुमन, आधी तुझ्या गुडघ्याचं सांग. जिना चढतेस का अजून धरून धरून? मधली शालन, तुझं पित्त उतरलं का, की चहावर चहा चालूच आहे? आणि बेबी, तू पन्नाशी ओलांडलीस तरी मी तुला बेबीच म्हणणार. पाठीचा पट्टा सुटला का? जावईबापू, नातवंडं सुखरूप असतीलच. बाकी वाचणाऱ्या मंडळींचंही सर्दी-पडसं बरं असू दे. इकडं मी ठीक. कान गेले, दात गेले, बोलणं तेवढं राहिलंय. तुमच्या आईची साखर थोडी वाढली आहे, पण तिच्या हातातला चिकू काढून घ्यायची छाती या घरात कुणाची नाही.

मागच्या लेखाखाली एका तरुण बापानं विचारलं होतं, "आजोबा, लहान मुलींना घेऊन कोयना आणि औंध जमेल का?" जमेल बाबा. मला जमलं नव्हतं, तरी तुला जमेल. मी काय काय केलं ते वाच आणि त्याच्या उलटं कर.

साल चौऱ्याहत्तर की पंच्याहत्तर, नक्की आठवत नाही. सुमन आठ-नऊ वर्षांची, शालन सहाची, बेबी चारची. आमचं गाव सांगलीपासून जवळच, कृष्णेकाठी. मी उसात राबणारा माणूस, शाळा चौथीत सुटलेली. पुढचं जे काही वाचलं ते गुळाच्या ढेपेला गुंडाळलेल्या कागदांवर. पोरींची आई मात्र बाहेरून मॅट्रिकला बसत होती. आदल्या वर्षीही बसणार होती. पहिल्या पेपराच्या सकाळी घरासमोरच्याच फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होती, तेवढ्यात गोवर निघालेली शालन दारात येऊन "आई" म्हणून ओरडली. ती मागं वळली ती वळलीच. वर्ष गेलं. आता गावात बालवाडी निघणार होती आणि तिथं मॅट्रिक झालेली बाई हवी होती. ही जागा दुसऱ्या वर्षापर्यंत थांबणार नव्हती.

ती म्हणाली, "मी सांगलीला मावशीकडं ऱ्हाते. पोरींचा आवाज तेवढा कानावर नको. आवाज आला की मी उठणार, मला ठावं हाय."

मी मिशीला पीळ दिला. "आठवडाभर आक्काकडं कोयनेला नेतो. अगं, चार चार बैलं सांभाळतो मी. पोरी त्या काय!"

"बैलांची येणी घालाय लागत न्हाई," ती म्हणाली, आणि भूगोलाचं पुस्तक उघडून बसली.

ते वाक्य मला निघायच्या सकाळी कळलं. तीन डोकी, एक फणी. तीन पेडांची वेणी मला येत नव्हती. येत होता तो आसूड. चार पेडी, घट्ट विणीचा. मी विणलेला आसूड तुटेल, पण उसवणार नाही, असं गावात म्हणायचे. तेव्हा तोच विणला, तिघींच्या डोक्यांवर. शेवटाला कासऱ्याची गाठ मारली, आणि रिबिनी सापडेनात म्हणून बेंदराला बैलांसाठी आणलेले लाल गोंडे बांधले. लांब उभा राहून बघितलं. छाती फुगली.

"आबा," सुमन म्हणाली, "डोळं मिटत न्हाईत."

सांगली-कराड गाडीत समोर एक बाई टोपली घेऊन बसली होती. तिनं तिघींकडं बघितलं, गोंड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आवं दादा, पोरी नेताय का खिलारं?"

कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "शिंगं रंगवायची ऱ्हायली की, पाव्हणं!"

गाडी हसली. पोरीही हसल्या, म्हणून मीही हसलो.

इस्लामपूरच्या पुढं गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या रस्ता सोडत नसत. आता रस्ते रुंद झालेत, पण हंगामात गेलात तर अजूनही वेळ हाताशी ठेवा. दशम्या आणि शेंगाची चटणी बरोबर घ्या, कराडच्या स्टँडवर भजी गरम मिळत. पण पोरींना भजी पाटणच्या अलीकडं देऊ नका. पाटण सोडलं की वळणं लागतात. खिडकी पोरींना द्यावी आणि आपण त्यांच्या वाऱ्याला बसू नये. मी बसलो होतो. कोयनानगरला उतरलो तेव्हा माझ्या धोतरावर तिघींनी खाल्लेलं सगळं ओळखू येत होतं.

माझी बहीण, आक्का, तिथल्या वसाहतीत राहायची. दाजी प्रकल्पावर कामाला. घर टुमदार, पत्र्याचं. संध्याकाळी धरण बघितलं. एवढं पाणी बघून बेबी म्हणाली, "ह्यात आईचं लुगडं धुतलं तर मावंल." पोरीला आईशिवाय मापच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो. फडताळातली भांडी किणकिणली, पायाखालून कुणी तरी पोतं ओढावं तसं झालं. मी अंगणात होतो. कसा पोचलो ते आठवत नाही. हातात कपबशी तशीच, बशीतला चहासुद्धा सांडला नव्हता. मागं बघितलं तर आत आक्का भाकरी थापतेय आणि तिच्याभोवती माझ्या तिघी बसलेल्या.

"ये आत, मर्दा," आक्का म्हणाली. "हे भूकंपाचं धक्कं आमाला रोजचंच हायती. आणि पोरी कुणाच्या रं? इसरून गेलास?"

शालन दारात आली. "आबा, तुमी लय जोरात पळता."

त्यानंतर बेबी पत्र्याखाली झोपायला भ्याली म्हणून आम्ही निघालो, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. बेबी, तू बिनघोर झोपली होतीस. अंगणात मी जागा होतो.

घरी जाता येत नव्हतं. पेपर चालू होते आणि शेजारणीनं सांगलीला निरोप धाडायला वेळ लावला नसता. मग कराड, सातारा करत औंधला गेलो. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. एक पुडा प्रसादाला, तो औंधपर्यंत पोचला नाही. धर्मशाळेत वेण्या सोडायला बसलो आणि माझीच विद्या मला आडवी आली. तेल लावलं, पाणी लावलं, दात लावले. कासऱ्याची गाठ ढिली होईना. सुमन शहाणी, ती म्हणाली, "असू द्या आबा, आई सोडंल." आठवडाभर पोरी त्याच वेण्यांत झोपल्या.

यमाईचा डोंगर सकाळी लवकर चढा, मार्चातलं ऊन वाईट. बेबी अर्ध्यापासून माझ्या खांद्यावर. वर तिनं हात जोडले आणि देवळात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यमाई, आईचं पेपर संपीव." खाली आल्यावर ती जेवली नाही. रात्रीही नाही. रडेना, हट्ट करेना, नुसती अंगठा चोखत बसली. रडणारं पोर सांभाळता येतं, गप्प बसलेलं नाही.

शेवटचा भूगोलाचा पेपर शुक्रवारी दुपारी. आम्ही शनिवारी परतायचं ठरलेलं. पण बेबीकडं बघून शुक्रवारी पहाटेच औंध सोडलं. हिशेब असा की विटा-तासगाव करत सांगलीत पोचेपर्यंत पेपर सुरू झालेला असेल. त्या मार्गावरची गाडी कधी नव्हे ती त्या दिवशी वेळेच्या आधी पोचली.

सांगलीच्या स्टँडवर गावाच्या गाडीत बसलो होतो. ड्रायव्हर चहाला गेलेला. आणि समोरच्या फुटपाथावरून पोरींची आई आली. एका हातात पेनाची पेटी, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतायत. नद्या म्हणत असणार. चालत होती ती परीक्षेच्या शाळेकडं.

माझ्या डोळ्यांपुढं गोवरातली शालन उभी राहिली. बेबीनं अजून तिला बघितलं नव्हतं.

"खाली!" मी म्हणालो. "साऱ्या खाली!"

बेबीला धोतराच्या सोग्यात घेतलं, तोंडावर हात ठेवला. सुमन-शालन बाकाखाली, मी त्यांच्यावर पालथा. तेवढ्यात कंडक्टर चढला.

"काय पाव्हणं, तिकीट चुकवताय व्हय?"

"गप बसा हो," मी खालून म्हणालो, "बायको चाललीय."

"मग बरोबर हाय," तो म्हणाला, आणि माझ्यापुढं आडवा उभा राहिला. भला माणूस.

जरा वेळानं मान वर काढली. रस्ता रिकामा होता. जिंकलो! पोरींना म्हणालो, "बघा, आबानं कसं लपवलं." घरी गेल्यावर बेबी भाताच्या ढिगावर तुटून पडली, कारण आई उद्या येणार असं मी शपथेवर सांगितलं होतं.

शनिवारी ती आली. पोरी तिच्या अंगावर पडल्या. तिला पिशवी ठेवायलाही जागा उरली नाही. रात्री त्या झोपल्यावर ती एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन दाभणानं वेण्या सोडवत बसली. मी कोपऱ्यात, शिव्यांची वाट बघत.

"काल स्टँडवर बघितलं मी," ती म्हणाली.

"काय बघितलंस?"

"सुमनची येणी खिडकीच्या गजावर व्हती, मग झटक्यात खाली गेली. लाल गोंडा. साऱ्या सांगलीत असली येणी दुसऱ्या कुणाची असंल?"

मी कोपऱ्यातून पुढं सरकलो. मग म्हणालो, "आणि हाक न्हाई मारलीस?"

"हाक मारली असती तर बेबी रडली असती. बेबी रडली असती तर मी गाडीत चढले असते." दाभण थांबलं. "पाय जड झालं व्हतं. तसंच उचललं." मग म्हणाली, "पोरींना कदी सांगू नका. आई बघून पुढं गेली, हे त्यास्नी कळाय नको."

ती पास झाली हे तुम्हाला माहीत आहेच. अख्ख्या गावाची पोरं तिच्या हाताखालून गेली. ती सकाळी बालवाडीला निघे, त्यामुळं वेण्या माझ्याकडं आल्या. तीन पेडांची शिकलो. मंडळींनो, त्या प्रवासातून माझ्याकडं उरलं ते एवढंच. धरण विसरलो, पेढ्यांची चवही विसरलो, पण हात अजून वेणी घालतात.

इतकी वर्षं मी बोललो नाही. परवा मीच विचारलं, "आता लिहू का?" ती चिकू सोलत होती. चिकू पुरता सोलला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"लिवा," म्हणाली. "त्याबी आता आया झाल्यात."

म्हणून लिहिलं. पण मला तिचा स्वभाव ठाऊक आहे. हे वाचायला गेलं की ती रोज सकाळी विचारणार, "पोरींचं काय आलं का?" तेव्हा सुमन, शालन, बेबी, तिघींनी लवकर लिहा. मला नव्हे. तिला.