कोर्टाने मागितलेलं बोलणं

काकू रोज सकाळी मला आपलं वजन कळवायच्या. चहाच्या आधी, त्याच काट्यावर, साधारण तसेच कपडे घालून, हे मी त्यांना पहिल्या भेटीतच पक्कं सांगितलं होतं. हृदय अशक्त झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठायला लागलं की आधी वजन वाढतं, मग पाय सुजतात आणि मग धाप लागते. वजन वेळेवर कळलं तर पुढचं बरंच टळतं. आकडा आला की मी बघायचे आणि गरज वाटली तर लिहायचे, "आज लघवीची गोळी अर्धी जास्त घ्या."

काकूंच्या मेसेजमध्ये नुसता आकडा मात्र कधीच नसायचा. "काल श्रीखंड खाल्लं, दोनच चमचे, ओरडू नकोस." "लिफ्ट बंद होती, मधे दोनदा बसले पायरीवर." "आज उगाचच आईची आठवण येतेय." टाइप करायचा कंटाळा आला की त्या बोलून पाठवायच्या आणि त्या बोलण्यामागे काकांचा खोकला ऐकू यायचा. सिंगापूरला येऊन त्यांना निम्मं आयुष्य झालं होतं. काका इथल्याच बँकेतून निवृत्त झालेले, सेरंगूनला फ्लॅट, मुलगा-सून जवळच. माझं त्यांचं नातं काही नव्हतं. पण आपल्या भाषेत बोलणारी डॉक्टर मिळाली म्हणून काकूंनी मला पहिल्याच दिवशी "अगं" म्हटलं, आणि मीही त्यांना मिसेस अमुक वगैरे म्हणायच्या भानगडीत पडले नाही.

तेव्हा मी बुकित तिमाहच्या बाजूला हृदयरोगाच्या एका मोठ्या दवाखान्यात काम करत होते. तो दवाखाना माझ्या सरांनी उभा केला होता. सर इथलेच, चिनी, वयाने माझ्या वडिलांएवढे. पुण्याहून आले तेव्हा मला इथे कुणी ओळखत नव्हतं, त्यांनी मला हाताशी धरून शिकवलं. पेशंटशी बोलताना आपण घड्याळाकडे पाठ करून बसायचं, हे त्यांचं. अशक्त हृदयाच्या पेशंटला स्वतःचा फोन नंबर द्यायचा, हेही त्यांचंच. "हे लोक अपॉइंटमेंट घेऊन आजारी पडत नाहीत," असं ते म्हणायचे.

मग सरांनी दवाखाना एका कंपनीला विकला. ते तिथेच राहिले, पण हुकूम कंपनीचा चालायला लागला. पेशंटला द्यायचा वेळ कमी झाला, तपासण्या वाढल्या. वर्षभर मी कसंबसं निभावलं आणि राजीनामा दिला. माझ्या करारात एक अट होती: सोडल्यावर ठरावीक काळ जवळपास दवाखाना काढायचा नाही आणि जुन्या पेशंटना आपल्याकडे बोलवायचं नाही. मी लांब जागा घेतली. कुणालाही बोलावलं नाही. पण काही जण आपणहून शोधत आले, त्यात काकूही होत्या. काही महिन्यांत कंपनीची नोटीस आली, मग खटला. मी पेशंट पळवले असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीच्या बाजूच्या प्रतिज्ञापत्रावर सही होती सरांची.

माझी वकील तमिळ होती, माझ्याहून बरीच लहान आणि फार शांत. तिने मला समजावलं की खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापली कागदपत्रं एकमेकांना दाखवायची असतात, त्याला डिस्कव्हरी म्हणतात. "आणि त्यांना तुमच्या फोनमधले मेसेज हवे आहेत," ती म्हणाली. "पेशंटबरोबरचे. सगळे."

"सगळे म्हणजे?"

"नोकरीच्या शेवटच्या वर्षातले सगळे."

मला आधी ते खरंच वाटलं नाही. माझ्या फोनमध्ये लोकांचे सुजलेले पाय होते, रिपोर्ट होते. एका माणसाने दारू पुन्हा सुरू केली होती आणि ते बायकोच्याही आधी मला सांगितलं होतं. हे मी कुणाला कसं दाखवणार? आम्ही नकार दिला. त्यांचे वकील म्हणाले, मेसेज बघितल्याशिवाय बोलावलं की नाही हे सिद्ध कसं करायचं? मूळ भांडण बाजूलाच राहिलं आणि मेसेज द्यायचे की नाही, किती, कुठल्या तारखेपासून, नावं झाकून की न झाकता, यावरच कोर्टात फेऱ्या सुरू झाल्या. मी मागे बसून ऐकायचे. दोन्ही वकील अत्यंत सभ्यपणे बोलायचे. कुणाचा आवाज चढत नसे. मला मात्र घरी आल्यावर जेवण जात नसे.

शेवटी हे वाद ऐकणाऱ्या कोर्टाच्या रजिस्ट्रारने मधला मार्ग काढला. नावांऐवजी क्रमांक टाकायचे. आजारपणाबद्दलचा मजकूर काळा करायचा. पण मी दवाखाना सोडण्याबद्दल किंवा नव्या जागेबद्दल जे जे बोलणं झालं असेल ते उघड द्यायचं, आणि इंग्रजीत नसेल तर भाषांतर करून.

दवाखाना सुटला की मी वकिलीणबाईंच्या ऑफिसात जाऊन बसायचे. पडद्यावर एकेक मेसेज यायचा, ती विचारायची, "हे आजाराचं की सोडण्याचं?" काकूंचे मेसेज आले तेव्हा मलाच वाचून अर्थ सांगावा लागला. एका वाक्यात गुडघा दुखतोय, त्याच वाक्यात तू कुठे जाणार आहेस, आणि लगेच डाळ करपली. यातलं काय काळं करायचं? ती पेन हातात धरून थांबायची. "डाळ राहू दे," एकदा ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. तेवढंच हसणं मला त्या दिवसांतलं आठवतंय.

राजीनाम्याची बातमी कळल्यावर काकूंनी लिहिलं होतं, "तू गेलीस तर मला कोण बघणार गं?" आणि मी उत्तर दिलं होतं, "मी आहे ना काकू. कुठेही गेले तरी."

भाषांतर होऊन आलं. त्यात माझं वाक्य झालं होतं, "मी उपलब्ध आहे, कुठेही गेले तरी." इंग्रजीत वाचताना ते एखाद्या जाहिरातीसारखं वाटत होतं. समोरच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. पुढच्या सुनावणीत तो म्हणाला, हे आमंत्रण नाही तर काय आहे? आणखी असं कुणाकुणाला लिहिलंय ते पाहायला हवं, म्हणून काळा केलेला मजकूरही उघडा करून द्या. माझ्या वकिलीणबाईंनी उठून सांगितलं की मराठीत असं घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला म्हणतात. रजिस्ट्रारने दोघांचंही लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

ज्यांचे मेसेज दिले त्या पेशंटना कळवणं मला भाग होतं. बाकीच्यांना मी फोन केले. काकूंकडे स्वतः गेले. त्यांचं नाव झाकलं होतं, पण मराठीत लिहिणारी पेशंट एकच होती. जुन्या दवाखान्यात कुणीही ओळखलं असतं.

काका भडकले. "माझ्या बायकोच्या पायाची सूज कोर्टाला कशाला हवी आहे?"

"सूज झाकली आहे, काका. फक्त माझ्या जाण्याबद्दलचं बोलणं दिलंय."

"आज झाकली आहे. उद्या उघडा म्हणाले तर?"

काकूंनी माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवली आणि हळूच विचारलं, "ते मोठे डॉक्टरपण वाचणार का गं?"

मोठे डॉक्टर म्हणजे सर. काकू आधी त्यांच्या पेशंट होत्या. "वाचतील कदाचित," मी म्हटलं.

"मी काहीबाही बोलते त्यात," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या बोलण्याचा तुला त्रास झाला."

"तुमच्यामुळे काही झालं नाही, काकू. वजन कळवत राहा. ते थांबवू नका."

"हो हो," त्या म्हणाल्या.

पुढे काही दिवस आकडा यायचा, पण नुसता आकडा. श्रीखंड नाही, लिफ्ट नाही. मग एक दिवसाआड. मग थांबलाच. मी फोन केला तर म्हणाल्या, "छान आहे गं, वजन तेवढंच आहे. फोनवर जास्त नको बोलायला." तपासणीची तारीख आली तेव्हा घरी पाहुणे आहेत म्हणून पुढे ढकलली. मी काकांना फोन केला. तेही म्हणाले, ठीक दिसतेय, थोडी दमते एवढंच. दमते म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जायचं ठरवलं.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटलात नेलं.

त्या हॉस्पिटलात मी डॉक्टर नव्हते, भेटायला आलेली एक बाई होते. भेटीची वेळ होईपर्यंत काकांशेजारी बाकावर बसले. आत गेले तेव्हा काकूंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि पाय पांघरुणाखालूनही सुजलेले कळत होते. त्यांनी मास्क थोडा बाजूला केला.

"कळवलं नाही मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आधीच एवढं चाललंय तुझं. परत माझंच काहीतरी नेऊन दाखवतील."

मी मास्क परत नीट बसवला. त्यांचा हात हातात घेऊन बसले. मी एवढी शिकलेली, तिथे करण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

काकू त्यातून उठल्या नाहीत. आठवडाही निघाला नाही.

इथल्या स्मशानाचं नाव मंडाई. पुण्याच्या माणसाला ते ऐकून आधी भाजीच आठवते. नवीन होते तेव्हा मी त्यावर हसलेही होते. त्या दिवशी तिथे मराठी मंडळी बरीच होती. मुलगा विधी करत होता, काका खुर्चीवर बसून होते. आणि मागच्या ओळीत, पांढऱ्या शर्टात, सर उभे होते.

सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ आले. वकिलांशिवाय एकमेकांशी बोलू नये असं आम्हा दोघांनाही बजावलेलं होतं.

"माझ्याकडे ती फाइल आली होती," ते म्हणाले. "मी ओळखलं. तिच्यासारखं दुसरं कोण लिहिणार?"

"मुळात तुम्ही सही का केलीत, सर?"

"दवाखाना विकताना मीही करारावर सही केली आहे. कंपनीला खटल्यात मदत करायची, हे त्यातच आहे. नाही केली तर मलाही कोर्टात उभं करतील. आणि दुसरीकडे प्रॅक्टिस करायची मुभा मलाही नाही."

"तिने वजन कळवायचं थांबवलं होतं, सर."

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले, मग काकांपुढे जाऊन वाकले आणि निघून गेले.

दोन-तीन महिन्यांनी कंपनीने तडजोडीची तयारी दाखवली. अटी गुप्त ठेवायच्या असं ठरलंय, पण एवढं सांगते की मी जिंकले नाही आणि तेही जिंकले नाहीत. माझा दवाखाना चालू राहिला. काका मुलाकडे राहायला गेले. मी भेटायला जाते. ते मला दार उघडतात, चहा करतात, रागावलेले नाहीत. पण माझ्याकडून औषध मात्र घेत नाहीत. त्यांनी दुसरा डॉक्टर शोधलाय.

मीही बदलले. पेशंटचा मेसेज आला की उत्तर देण्याआधी ते दुसऱ्या भाषेत कसं वाचलं जाईल ते बघते. मग अर्धं पुसते. जे उरतं ते बरोबर असतं, पण त्यात मी फारशी नसते.

गेल्या महिन्यात ईस्ट कोस्टला फिरायला गेले असताना सर दिसले. एकटेच चालत होते, खूप वाळले होते. कंपनीने त्यांना निवृत्त केलं असं कानावर आलं होतं. मला बघून थांबले आणि इथे सगळेच विचारतात तसं विचारलं, "जेवलीस?"

नाही म्हटल्यावर आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मांडवात, बसलो. त्यांनी माझ्यासाठी भाज्या घातलेले नूडल्स आणले, मी त्यांच्यासाठी चहा आणला. समोर समुद्रात मालवाहू जहाजं उभी होती. ते त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलले, मी माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल. काकूंचं नाव दोघांनीही काढलं नाही. खाऊन झाल्यावर त्यांनी माझी प्लेट आपल्या प्लेटवर ठेवली, दोन्ही नेऊन ट्रेच्या रॅकवर लावल्या, आणि हात हलवून बसस्टॉपकडे निघाले.