अपील पेंडिंग होतं ती वर्षं

निकालातला नेमका शब्दच मला कळला नाही. न्यायाधीश गुजरातीत वाचत होते, मान खाली घालून, हळू आवाजात, आणि मधेच 'तकसीरवान' असं काहीतरी आलं. मी मूळची धुळ्याची. लग्न होऊन बडोद्याला आल्यापासून गुजराती बोलते, त्या भाषेत भाजीवालीशी भांडतेसुद्धा; पण हा शब्द माझ्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. बाकावर शेजारी एक महिला पोलीस बसली होती. तिला मी हळूच विचारलं, "एटले?"

"एटले गुनेगार, बेन," ती म्हणाली आणि जराशी सरकून बसली.

माझे मिस्टर समोर पिंजऱ्यात उभे होते. शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का, असं न्यायाधीशांनी त्यांना विचारलं. वकिलांनी आदल्या दिवशी सगळं पढवून ठेवलं होतं: घरात कमावता एकटाच, मुलगी शिकते आहे, आधी कधी पोलीस स्टेशनची पायरी चढलेलो नाही. ह्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. म्हणाले, "साहेब, मी ढकललं. पण पडावा म्हणून नाही ढकललं." वकिलांनी डोळे मिटले. जेवणाच्या सुट्टीनंतर पाच वर्षं सक्तमजुरी सुनावली, आणि पोलीस ह्यांना घेऊन गेले तेव्हा मी त्यांच्या मागे चार पावलं गेले. पुढे जायला बंदी होती.

घडलं होतं ते असं. आम्ही हरणीला सोसायटीत राहत होतो. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळी सोसायटी पतंग उडवायला गच्चीवर असते, आम्हीही होतो. संध्याकाळ होत आली होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्याने आपला मोठा स्पीकर आमच्या बाजूला आणून ठेवला. ह्यांनी आवाज कमी करायला सांगितलं. त्याने वाढवला. पुन्हा सांगितलं. मग शब्दाला शब्द लागला, आणि ह्यांनी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का दिला. त्या बाजूचा कठडा अर्धाच बांधून झाला होता, गुडघ्याएवढा. त्याची पोटरी कठड्याला लागली आणि तो मागच्या मागे गेला. किंचाळला नाही. आकाशात पतंग तसेच उडत होते, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी "काप्यो छे!" म्हणून ओरडत होतं, आणि आमच्या गच्चीवर स्पीकर वाजतच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

कोर्टाने म्हटलं, हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे. अर्धवट कठड्यापाशी माणसाला ढकललं तर तो मरू शकतो, एवढं आरोपीला कळत होतं. ह्यांना ते त्या क्षणी कळत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत आली आहे. अजूनही वाटते.

हायकोर्टात अपील केलं. ह्यांचे दिवस आत चालले होते आणि मी भेटीच्या दिवशी काचेपलीकडे बघत होते. ते कमी बोलायचे. अखेर सव्वादोन वर्षं आत काढल्यावर हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती दिली आणि ह्यांना जामिनावर सोडलं. नातेवाइकांना वाटलं, सुटले. माझ्या भावाने फोनवर अभिनंदनसुद्धा केलं.

खरी भीती तिथून सुरू झाली.

तुरुंगात होते तोवर मला एक तरी माहीत होतं, ते कुठे आहेत. आता ते घरात होते, जेवत होते, वाघोडियाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला जात होते (पूर्वीच्या कंपनीने पोलिसांचा दाखला मागितला होता, म्हणून तिकडे पुन्हा गेलेच नाहीत), आणि कुठल्याही दिवशी वकिलांचा फोन येणार होता की अपील फेटाळलं, उरलेली वर्षं भोगायला हजर व्हा. वकिलांचं नाव मोबाइलवर दिसलं की मी आधी गॅस बंद करायचे. ते बिचारे कधी नुसतं दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन करायचे, तरी मी पहिलं 'निकाल लागला का?' असंच विचारायचे.

हरणीचं घर आम्ही सोडलं. त्याच जिन्यावरून त्या मेलेल्या शेजाऱ्याच्या बायकोसमोर चढणं-उतरणं शक्य नव्हतं. तीही नंतर मुलांना घेऊन जवळच्या पादरा गावी भावाकडे राहायला गेली, असं ऐकलं. मांजलपूरला आम्ही भाड्याने दोन खोल्या घेतल्या. घरमालक काकांना सगळं आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण बिल्डिंगमध्ये कुणाला कळायला नको." निवडणूक असो, गणपती असो, पोलीस स्टेशनचा माणूस घरी चौकशी करून जायचा. साध्या कपड्यांत या, असं मी एकदा त्याला हात जोडून म्हटलं. तो पुढच्या वेळी खरंच साध्या कपड्यांत आला आणि शेजारणीने विचारलं, "कोण आलं होतं, भाऊ का?" मी म्हटलं, "हो, लांबचा."

आणि हे. हे पूर्वी तापट होते, घरात ताट आपटणारे. परत आले ते आवाज न चढवणारे. एकदा सुसेन सर्कलला एका रिक्षावाल्याने आमच्या स्कूटरला मागून ठोकलं, चूक सरळ त्याची, वर तोच शिव्या देऊ लागला. हे खाली उतरले आणि त्याला हात जोडून म्हणाले, "माफ करो भाई." मागे बसलेली मी घाबरले. ते चिडतील म्हणून नव्हे. ते इतके शांत कसे आहेत, आतमध्ये काय दाबून ठेवलंय, हे मला कळत नव्हतं. माझ्या नवऱ्याची मला भीती वाटते का, असा प्रश्न त्या रात्री मनात आला आणि पुढे किती तरी महिने मी तो कुणाशी बोलू शकले नाही.

अशीच वर्षं गेली. मुलगी शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली, हॉस्पिटलात लागली. आणि मग फोन आला: अपील बोर्डावर येतंय, सुनावणी लागणार.

वकील म्हणाले, "शिक्षा रद्द होणं अवघड आहे. पण कमी करून मागता येईल. मयताच्या पत्नीने हरकत नाही असं सांगितलं तर फार उपयोग होईल. तुम्ही एकदा भेटून बघा."

हे म्हणाले, "अजिबात जायचं नाही." मी गेले. ह्यांना सांगितलं की बहिणीकडे जाते.

पादऱ्याच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि एकेक मनात येऊ लागलं. ती दार लावून घेईल, आरडाओरडा करेल, तिचा भाऊ मारेल, पोलिसात देईल की साक्षीदाराला फितवायला आले. ह्या शेवटच्या विचाराने मी एक स्टॉप आधीच उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. परत जाणारी बस समोरून आली. मी तिला हात केला नाही एवढंच. धैर्य वगैरे काही नव्हतं, हात वर उचललाच गेला नाही.

तिने मला लगेच ओळखलं. दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "आवो." आम्ही गुजरातीतच बोललो, दोघी. घरात शिलाईचं मशिन, ब्लाउजांचा ढीग. तिने पाणी आणलं. मी भांडं हातात घेतलं.

मी वकिलांनी सांगितलेलं बोलायला लागले, तर तिने हाताने थांबवलं.

"कोर्टाचं मला सांगू नका. मी तिकडे येणार नाही. तुमच्या बाजूने नाही, विरुद्ध पण नाही. मला एक विचारायचंय. तुम्ही तिथे होतात. मी खाली उंधियू गरम करत होते. ते शेवटचं काय बोलले?"

मी भांडं खाली ठेवलं.

"सगळे सांगतात, देवमाणूस होते, काही बोललेच नाहीत. सरकारी वकिलांनी पण तसंच सांगितलं. मी त्यांच्याबरोबर चौदा वर्षं काढलीत. ते गप्प उभे राहिले असतील हे मला खरं वाटत नाही. तुम्ही सांगा."

खरं सांगावं तर मी मेलेल्या माणसावर दोष ढकलायला आले असं होणार. खोटं सांगावं तर ही बाई ते आयुष्यभर धरून बसणार. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"शिवी दिली," मी म्हटलं. "आईवरून."

मग तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्यासारखा, आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "हां. हां, असंच बोलायचे." तिने मला क्षमा केली असं काही झालं नाही. निघताना ती उंबऱ्यात म्हणाली, "तुमच्या माणसाला सांगा, इकडे कधी येऊ नको. माझा मोठा आता कॉलेजात आहे. त्याचं डोकं बापासारखं आहे. मला फार भीती वाटते." तिलाही भीती वाटत असेल, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीने अहमदाबादला गेलो. वकील सांगत होते की फेटाळलं तरी हजर व्हायला मुदत मिळते, तरी ह्यांनी पिशवी भरलीच: दोन लेंगे, जाड टॉवेल, गोळ्या. पिशवी मांडीवर घेऊनच ते कोर्टात बसले. तासाभरात संपलं सगळं. गुन्हा कायम. शिक्षा मात्र भोगली तेवढीच पुरेशी धरली. वकिलांनी वळून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता आत जायचं नाही," ते म्हणाले, "पण डाग राहील. तो आपल्या कायद्यात पुसता येत नाही."

हे कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून खाली बसले आणि मुलीने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

पुढच्या वर्षी तिच्याच हॉस्पिटलातल्या एका मुलाशी तिचं जमलं. बडोद्याचीच मराठी माणसं, वडील रेल्वेतून रिटायर. ते घरी बोलणी करायला येणार तेव्हा मी म्हटलं, लग्नाआधी सांगायचं की नंतर, ते नीट ठरवू. मुलगी म्हणाली, "मी सांगते. तुम्ही दोघं आत राहा." आम्ही स्वयंपाकघरात उभे राहिलो, पोह्यांवर झाकण ठेवून. बाहेर तिचा आवाज येत होता, स्पष्ट, न अडखळता, सगळं. ह्यांनी ओट्याची कड घट्ट धरली होती.

मग मुलाच्या आईचा आवाज आला. "मग बाबा आहेत कुठे आता?"

"आत आहेत."

"अगं, बाहेर बोलव की. आम्ही कुणाशी बोलणी करायची?"

लग्न ठरलं, झालंही. एकच अट त्यांनी घातली, तीही हळूच, मला बाजूला घेऊन: मुलाच्या मोठ्या मामांना यातलं काही कळता कामा नये. ते जुन्या वळणाचे आहेत, लग्नात राडा करतील. मी हो म्हटलं. पूर्ण लग्नभर माझं लक्ष त्या मामांवर होतं. ते ह्यांच्या शेजारी पंगतीला बसले, जिलबी आग्रहाने वाढायला लावली, गप्पा मारल्या. जाताना माझ्यापाशी आले.

"तुमचे मिस्टर फार शांत हो," ते म्हणाले. "नोकरी कुठे म्हणालात?"

"वाघोडियाला," मी म्हटलं, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पानसुपारीचं तबक त्यांच्यापुढे धरलं.