सगळे पोचले

त्याला सगळे पुढारी म्हणायचे, पण जन्मात त्याने एकही भाषण ठोकलं नव्हतं. बर्फाळ डोंगरांच्या राष्ट्रीय उद्यानात पाच-पाच दिवसांच्या पायी सफरी नेणारा तो वाटाड्या. रांगेत पुढे चालायचा म्हणून पुढारी. रांगेच्या टोकाला त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं नाव शेपूट, आणि ते तो खुशाल मिरवायचा. अकरा हंगाम दोघांनी मिळून माणसं नेली आणि सगळी धड परत आणली.

सफरीच्या आदल्या दिवशी पुढारी एकेकाची पाठपिशवी उघडायला लावायचा आणि निम्मं सामान बाहेर काढायचा. एकदा एका बाईंच्या पिशवीतून केस वाळवायचं यंत्र निघालं. त्याच्या कपाळावर आठी चढली, तोच शेपूट गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "राहू द्या हो भावोजी. वाटेत अस्वल भिजलेलं भेटलं तर?" अख्खी सफर त्या अस्वलावर हसत पार पडली. पुढाऱ्याला असलं काही सुचत नसे. माणसं त्याच्या भरवशावर यायची आणि शेपटाच्या आठवणी घेऊन जायची, आणि त्याचं पुढाऱ्याला कधी वाईट वाटलं नाही.

उद्यानाचा एक नियम होता. संध्याकाळी पाचच्या आत मुक्कामी पोचल्याचं वायरलेसवर कार्यालयाला कळवायचं. नाही कळवलं तर शोधपथक निघणार. कागदावर एकदम चोख! पण तिसऱ्या मुक्कामाची दगडी खोली खिंडीच्या पलीकडे दोन तास उतरून, एका खड्ड्यात. चारी बाजूंनी कडे. तिथून वायरलेस लागेल तर शपथ. मग प्रत्येक वाटाड्या काय करायचा, तर वर खिंडीत असतानाच 'सगळे मुक्कामी पोचले' असं सांगून मोकळा व्हायचा. कार्यालयातल्या कारकुनालाही ते ठाऊक होतं. तोही निमूटपणे लिहून घ्यायचा.

हंगामातली ती शेवटची सफर होती. सहा पाहुणे आणि हे दोघे. तीनच्या सुमाराला सगळे खिंडीत पोचले, तेव्हा एका वयस्कर पाहुण्याच्या लक्षात आलं की औषधांची पिशवी मागच्या विसाव्याच्या खडकावर राहिली. जायला-यायला तासाभराचं काम.

"मी आणतो," शेपूट म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. खालच्या ओढ्यापाशी गाठतोच तुम्हाला."

पुढाऱ्याने मान हलवली आणि वायरलेस तोंडाशी धरला. "आठही जण तिसऱ्या मुक्कामी पोचले." हे बोलताना मेहुण्याची पाठ त्याला समोर दिसत होती. खिंडीतून मागे, उलट्या दिशेने उतरणारी.

अर्ध्या तासात धुकं उतरलं आणि मागोमाग बर्फ. ओढ्यापाशी शेपूट आला नाही. खोलीवरही आला नाही. सहा जणांना स्टोव्हपाशी बसवून पुढारी पुन्हा खिंड चढला. एरवी दोन तासांची वाट, तिला चार तास लागले. वरून त्याने मदत मागितली, पण तोवर हवा इतकी बिघडली होती की पथक उजाडल्यावरच निघालं. शेपूट दुपारी सापडला, खिंडीच्या अलीकडच्या घळीत. पाय मोडला होता आणि गारठून जीव गेला होता. औषधांची पिशवी गळ्यात होती आणि शिट्टी मुठीत.

शिट्टीचं पुढाऱ्याला चार दिवसांनी कळलं. समोरच्या उतारावरच्या वनरक्षकाने साडेचारला ती ऐकली होती. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. त्याने कार्यालयाला विचारलं, कुणी बाहेर राहिलंय का? कारकुनाने वही पाहिली आणि सांगितलं, कुणी नाही, सगळे पोचलेत. वनरक्षकाला वाटलं, वाराच असेल. तो चौकीत परतला. चौकीपासून ती घळ चाळीस मिनिटांवर.

चौकशीत 'हवामान अचानक बिघडल्याने' असं आलं. वनरक्षक, कारकून आणि पुढारी, तिघांनीही तोंडाला कुलूप लावलं. बायकोला पुढाऱ्याने एवढंच सांगितलं की त्या खोलीतून वायरलेस लागत नाही, म्हणून मला परत वर चढावं लागलं, म्हणून मदत उशिरा आली. यातला शब्द न शब्द खरा होता. ती रडत रडत त्याच्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार होतात?" त्या हाताची त्याला इतकी शरम वाटली की त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

त्याने डोंगर सोडला. कारकून निवृत्त झाला तेव्हा वायरलेसच्या टेबलाची नोकरी त्याने मागून घेतली. मनात एकच होतं, निदान माझ्या वहीत तरी खोटं लिहिलं जाणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने एका वाटाड्याला दरडावून विचारलं, "कुठून बोलतोयस?" पोरगा म्हणाला, "मुक्कामावरून, काका," आणि मागे खिंडीतला वारा भणभणत होता. पुढारी तडक साहेबांकडे गेला. खिंडीवर वायरलेसचा मनोरा हवा, म्हणाला. साहेबांनी कागद वर पाठवला. कागद वर गेला तो गेलाच. "तोवर रोज शोधपथक पाठवू का?" साहेबांनी विचारलं. ते चिडून नव्हे, खरोखरच विचारत होते. पुढारी टेबलाशी परत आला आणि लिहू लागला. दोन हंगाम तो असाच लिहीत होता.

मग एक दिवस तो चष्मा घरी विसरला. बायको तो घेऊन कार्यालयात आली आणि दम खायला बाकावर टेकली. घड्याळात सव्वातीन झाले होते. वायरलेस खरखरला.

"नऊही जण तिसऱ्या मुक्कामी पोचले."

पुढाऱ्याने चष्मा चढवून नोंद केली.

"तिसरा मुक्काम म्हणजे ती खड्ड्यातली खोलीच ना हो?" बायकोने विचारलं.

"हं."

"तिथून लागत नाही म्हणाला होतात."

"नाही लागत."

"मग हा कुठून बोलला?"

खोटं बोलायला त्याला दोन क्षण मिळाले होते. पण त्याच्यात आता तेवढं त्राण उरलं नव्हतं. "खिंडीतून," तो म्हणाला. "सगळे तिथूनच सांगतात."

तिने वहीकडे पाहिलं. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागत नसे.

"त्या दिवशी तुम्हीही?"

त्याने होकाराची मान हलवली.

"किती जण म्हणून सांगितलंत?"

"आठ."

तिची बोटं मांडीवर हलली. सहा पाहुणे आणि दोन. "म्हणजे तो मागे गेलेला असताना त्यालाही धरलंत," ती म्हणाली. आवाज चढला नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि मागे न बघता बाहेर पडली.

वायरलेसवरचा पोरगा विचारत होता, "काका, नोंद झाली ना?" झाली, असं पुढाऱ्याने सांगितलं. त्या दिवशीच्या आठ जणांच्या नोंदीने पुढे काय केलं, ते तिने विचारलं नव्हतं. शिट्टीचं तिला अजून माहीतच नव्हतं. ते आज घरी जाऊन त्यालाच सांगायचं होतं.