कणगीच्या तळाची मूठ

सुमनबाई, हातातलं काम ठेव अन् जरा जवळ बस. तू पांढुर्ण्याला, मी सौसरला, तरी हे पत्र जवळ बसल्यासारखंच वाच. जावईबापू सांगून गेले. कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं तू परसात भिंतीला टेकवलं, ते खालून भिजलं, बुरशी धरली, अन् तोच दाणा वाळवून तू कोंबड्यांना टाकून राहिली. मिलिटरीतल्या मावशीची भाची तू. तुला हे सांगावं लागते?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट होते. पुढल्या पावसाळ्यात माझी पोस्टिंग आपल्याच भागात झाली. पांढुर्णा अन् तिगावच्या मधात, रेल्वे लाइनीजवळ जखमी जवानांचा कॅम्प होता. ऑपरेशनं नागपूरकडं व्हायची, बरं व्हायला माणसं आमच्याकडं यायची. तंबूंच्या मागं कोंबड्यांचा खुराडा होता. घरी आईच्या चुलीपाशी अंडं चालत नसे, अन् इथं मी रोज राउंडच्या आधी अंडी गोळा करत असे. आईला हे मी पुष्कळ वर्षं सांगितलं नाही.

खुराड्याची ड्यूटी नाईक डोमाजीकडं होती. मोहगावच्या कास्तकाराचा मुलगा. खांद्याला गोळी लागली होती, उजवा हात वर जात नव्हता. रोज रिपोर्ट द्यायचा, "सिस्टर, नफरी पूर्ण, एकबी कमी नाई. कोंबडा गार्डवर हाय."

दाण्याची पोती स्टोअरमध्ये भिंतीला टेकवून एका ओळीत उभी असत. इन्स्पेक्शनसाठी खालची फरशी रोज पाण्यानं धुतली जाई. मिलिटरीत धूळ दिसली तर शिक्षा होते, ओलीबद्दल कोणी विचारत नाही.

मग झड लागली. जाम नदी चढली, रस्ता तुटला, लाइन बंद पडली. रेशनचा ट्रक आला नाही. सकाळी डोमाजी आला तो हातात मेलेली कोंबडी घेऊन.

"सिस्टर, पोत्याचं बूड सडलं. दाना काळा पडला."

बाकीचे पेशंट डाळभात खात होते. पण पंजाबचा एक जवान जबड्याला गोळी लागून आला होता. त्याला फक्त पिता येई. दुधात फेटलेलं अंडं नळीनं द्यायचं, तेव्हा कुठं त्याचं वजन घसरायचं थांबलं होतं. ट्रक येईपर्यंत अंडी फक्त आमच्या कोंबड्यांचीच.

कॅप्टन डॉक्टरांनी पोती पाहिली.

"दाना फेंक दो. मुर्गियाँ लंगर में भेज दो." लंगर म्हणजे कॅम्पाचं स्वयंपाकघर.

"सर, कल से उस जवान को क्या देंगे?"

"सड़ा दाना खाकर सब मरेंगी, सिस्टर. तब क्या देंगे?"

"शाम तक का टाइम दीजिए, सर."

"शाम तक. उसके बाद लंगर."

आम्ही पोती कापली. खालचा दाणा खड्ड्यात पुरला. वरचा चांगला निघाला, पण ठेवायचा कुठं? सगळं स्टोअर ओलं.

डोमाजी म्हणाला, "आपल्या गावात दाना भुईवर कोन ठेवते वो? कणगी पायजे."

"अन् या झडीत बांबूच्या कणगीवरचा शेणामातीचा लेप वाळणार कधी?"

"नवी कायले? श्रावनात घरोघरच्या कणग्या रित्याच असते."

कॅम्पाला लागून कौसाबाई नावाच्या कास्तकारणीचं घर होतं. कणगी होती, पण बाई दारातच अडली. "रिती कणगी घराबाहेर जात नाई, बाई. लक्ष्मी जाते." आत गेली, मडकं खरडून ज्वारीची एक मूठ आणली अन् कणगीच्या तळाशी टाकली. "मूठ टाकून देतो, मूठ टाकूनच आना. अन् मिलिटरीवाले हाय म्हनून धुवू नका तिले."

कणगी आम्ही स्ट्रेचरवर ठेवली. पाणी लागू नये म्हणून वरून ग्राउंडशीट. चार जवानांनी उचलली. गेटवर सेन्ट्रीनं विचारलं, "कौन पेशंट?"

"दाना," डोमाजी म्हणाला. "सिरियस."

खाली विटा, भिंतीपासून हातभर लांब, तळाशी राख, मधात वाळका कडुनिंबाचा पाला, तोंडावर घट्ट झाकण. संध्याकाळी कॅप्टन आले. कोपरापर्यंत हात घातला, दाणा काढून दातांखाली फोडला. कडक आवाज झाला.

"लंगर कैंसल."

रस्ता सुरू होईपर्यंत त्या जवानाचा पेला एक दिवस चुकला नाही. ट्रक आला त्या सकाळी तो स्वतःच्या पायानं खुराड्यापर्यंत आला अन् कोंबड्यांना त्यानं सॅल्यूट केला. माझ्या नोकरीत मोठमोठ्या साहेबांचे सॅल्यूट पाहिले, सुमन. त्या सॅल्यूटाची सर कशाला नाही.

कौसाबाईची कणगी मुठीसकट परत गेली. डोमाजीनं मग बांबूच्या कमच्यांची एक कणगी माझ्यासाठी विणली. हाताची परेड म्हणायचा तिला. विणता विणता हात वर जाऊ लागला. मेडिकल बोर्डानं त्याला ड्यूटीसाठी फिट केलं. निघताना त्यानं उजव्या हातानं तळाशी ज्वारीची मूठ टाकली.

"रिती नाई देत, सिस्टर."

त्याच हिवाळ्यात तो सरहद्दीवर पडला. मोहगावला त्याच्या आईकडं मी युनिफॉर्मात गेले. ती माउली मला पाहूनच समजली. तिनं विचारलं, "हात बरा झाला होता ना वो त्याचा?" मी म्हटलं, "पूर्ण बरा होता, माय."

पुढं राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडं महाराष्ट्रात गेलं, आपण इकडं मध्य प्रदेशात राहिलो. माझ्या पोस्टिंग बदलत गेल्या, कणगी सोबत फिरली. आज ती माझ्या परसात विटांवर उभी आहे. दाणा कितीदा संपला, कितीदा भरला. तळाची मूठ मी कधी काढली नाही. ती डोमाजीची.

आता तिचं झाकण मला उचलवत नाही. कणगी तू ने. रिती देणार नाही, अन् तू ती धुवायची नाही. झड लागायच्या आत ये, बाई. मुक्कामालाच ये.