आऊटबॉक्समधला पाळणा

बायको गेली त्याला आता एक पावसाळा उलटला. लोक भेटायला येतात आणि ती किती चांगली होती ते मलाच सांगतात. मी मान हलवतो. चांगली होती हे मला माहीत आहे. हट्टी किती होती हे त्यांना माहीत नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, लिहायची सवय नाही. तरी हे लिहितो आहे, कारण घरात बोलायला कोणी नाही आणि भिंतीशी बोलणं मला जमत नाही.

सिंदी रेल्वे या आमच्या गावी घराच्या पुढच्या खोलीत माझं एसटीडीचं दुकान होतं. पोरगा मस्कतला नोकरीवर गेला तेव्हा जाण्याआधी त्यानं तिथं एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला. इंटरनेट टेलिफोनच्याच तारेतून यायचं. नंबर लागताना कॉम्प्युटरशेजारचा मोडेमचा डबा आधी किंचाळायचा, मग खरखर करायचा, मग गप्प व्हायचा. गप्प झाला की लागलं समजायचं. त्याच तारेवरचा दुसरा फोन आत स्वयंपाकघरात होता, बायकोसाठी. मेल उघडणं, लिहिणं आणि धाडणं एवढंच मला येत होतं. त्याच्यापुढे हात लावायची माझी छाती नव्हती.

मस्कतला नात झाली. त्याच्या थोडंच आधी बायकोच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, पट्टा बांधून ती कशीबशी घरात फिरायची. विमानाचं नाव काढायची सोय नव्हती. सुनेची आई तर लग्नाआधीच गेलेली. म्हणजे बारशाला पाळणा म्हणायला त्या घरात आपलं कोणी बाईमाणूस नव्हतं. बायकोनं हीच गोष्ट मनाला लावून घेतली.

"फोनवर म्हण," मी म्हटलं.

"फोनवर पोराचा आवाज आयकला का माहा गळा दाटते. पाळणा म्हणू का रडू?"

तिचं बरोबर होतं. फोनवर ती आजवर 'जेवला का' याच्यापुढे गेली नव्हती.

पोरानं मेलमध्ये लिहिलं, आईचा पाळणा कॉम्प्युटरमध्ये भरून धाडा, बारशाला इथं लावतो. तिकडे सुटी शुक्रवारची, म्हणून बारसं शुक्रवारी दुपारी, आपल्या घड्याळात चारला ठरलं. माइक पोरानं आधीच ठेवला होता. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, बायकोला खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं. एका दमात ती पाळणा म्हणाली. भरलेलं वाजवून पाहिलं नाही. चुकीचं बटण दाबलं गेलं आणि पुसलं गेलं तर, ही भीती. तसंच मेलला जोडलं आणि धाडायला लावलं.

जाईना. किती गेलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची आणि लाइन तुटायची. पुन्हा लावलं की पुन्हा पहिल्यापासून. साधी चिठ्ठी लगेच जायची, पण गाणं जड. त्याला बराच वेळ लाइन धरून ठेवावी लागायची, आणि तेवढा वेळ ती टिकत नव्हती. पाळणा आऊटबॉक्समध्ये अडकून बसला, आणि त्याच्या मागे गावातल्या लोकांच्या दोन-चार मेल.

सुचलं ते सगळं केलं. डब्याची वायर बदलली. मध्येच दुसरा फोन आला की लाइन तुटते असं कोणी सांगितलं, तर ती कॉल वेटिंगची सोय बंद करून घेतली. दुपारी लोक झोपतात तेव्हा लावून पाहिलं, पहाटे लावून पाहिलं. पहाटे तर जास्तच लवकर तुटायची. शेवटी लाइनमनला बोलावलं. गल्लीतलाच माणूस. खांबावर चढला, डबी उघडली, आपला फोन लावून बराच वेळ कान देऊन बसला.

खाली उतरून म्हणाला, "काकाजी, लाइन एक नंबर हाये. तुमचा डबाच म्हातारा झाला."

"म्हातारा तं मीबी हाओ. मी तुटलो का मधातच?"

"तुमाले कोण तोडन बाप्पा. तुमी लोकाले तोडता."

चहा पिऊन गेला. लाइन तशीच.

या सगळ्या दिवसांत बायको एकदाही म्हणाली नाही, की काऊन जात नाई. मला त्याचं नवल वाटायला हवं होतं. एरवी भाजीवाला उशिरा आला तरी चारदा विचारणारी बाई.

शुक्रवार उजाडला. जेवणं झाल्यावर मी पुन्हा लावलं. पट्टी सरकायला लागली आणि मला तहान लागली. पाणी प्यायला आत गेलो, तर बायको स्वयंपाकघरातला फोन कानाला लावून उभी. एका हातानं ओटा धरलेला, डोळे मिटलेले.

"हे काय करून राह्यली तू?"

तिनं फोन ठेवला नाही. म्हणाली, "थांबू द्या त्याले आधी."

"कोणाले?"

"त्या ओरडण्याले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपला पाळणा तारेतून जातो आहे तर आपल्यालाही ऐकू येईल. म्हणून फोन उचलला, तर आतून नुसती कर्कश चीं चीं, खर्र खर्र. तिची समजूत झाली की तिच्या नातीच्या कानात हेच पडणार. मग मी मेल लावली की ती आत फोन उचलायची, अजून तसंच ओरडतं का पाहायला. आणि ओरडत असलं की थांबेपर्यंत धरून ठेवायची. तिच्या लक्षात आलं होतं की फोन धरला की ते थांबतं. ते थांबायचं म्हणजे इकडे माझी लाइन तुटायची.

"मले सांगायचं नाई?"

"काय सांगू? तुमी जीव टाकून धाडून राह्यले. मले वाटलं माह्या गळ्यातच खोट हाये. चांगलं गाणं असं कायले ओरडन?"

मला राग आला होता, पण तो कुठं ठेवावा कळेना. तिचा हात धरून दुकानात आणली, खुर्चीवर बसवली आणि आजवर दाबलं नव्हतं ते बटण दाबलं. स्पीकरमधून तिचाच आवाज आला, सरळ, स्वच्छ. एक कडवं ऐकलं तिनं.

"हेच जाईन तिकडं?"

"हेच. मधातल्या वाटेवर ते ओरडते. पोचल्यावर असंच निघते."

"मंग बसले काऊन? लावा ना."

लावलं. तिनं आतला फोन टॉवेलमध्ये गुंडाळला आणि वर डाळीचा डबा ठेवला. मी पट्टीकडे पाहत बसलो. त्या दिवशी लाइन इतकी हळू होती की पट्टी सरकते की नाही तेच कळत नव्हतं. चार वाजत आले. आतून काही आवाज येईना म्हणून डोकावलो. बायकोनं कपडे वाळत घालायच्या हुकाला साडीची झोळी बांधली होती. बारशात लेकराच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, लेकरू दगडासारखं टिकावं म्हणून. तिनं वरवंटा धुतला, त्याला हळदकुंकू लावलं, नातीसाठी शिवलेलं झबलं त्याला घातलं आणि झोळीत निजवला. लेकरू नव्हतंच, वरवंटाच होता. झोका देत तिनं सगळा पाळणा म्हटला. पट्टा कमरेला काचत होता, ते तोंडावर दिसत होतं. मी आत गेलो नाही.

पाळणा संपल्यावर बऱ्याच वेळानं मेल गेली.

दुसऱ्या दिवशी पोराचं उत्तर आलं. मी वाचून दाखवलं: आई, पाळणा मिळाला, पण बारसं होऊन गेलं होतं. शेजारच्या केरळच्या बाईनं त्यांच्यातलं गाणं म्हटलं.

"तिले आपला पाळणा कुठून येईन," ती म्हणाली. मग, "लेकरू रडलं का ते विचारा त्याले."

विचारलं. रडलं नाही, झोपलं, असं त्यानं कळवलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि झबल्याला लागलेलं कुंकू धुवायला बसली. ते डाग निघाले नाहीत. डागांसकट तेच झबलं तिनं मस्कतला धाडून दिलं.

एसटीडीचं दुकान पुढे बंद पडलं. कॉम्प्युटर भंगारात गेला आणि त्यातलं सगळं त्याच्यासोबत गेलं. आजीच्या तेरवीला नात आली होती, आता नोकरी करते. म्हणाली, "आबाजी, बाबांनी तो पाळणा जपून ठेवलाय. तुम्हाला पाठवू?" मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. आजीचीच नात. बोट लावलं आणि माझ्या फोनमध्ये तो तिथल्या तिथं येऊन पडला.

पुष्कळ दिवस मी त्याला हात लावला नाही. गेल्या आठवड्यात लावला. पाळणा आहे, पूर्ण आहे. पण शेवटचं कडवं झाल्यावर ती दम घेते आणि विचारते, "अहो, आलं का सगळं त्यात?" आणि तिथं तुटतं. मी काय उत्तर दिलं ते त्यात नाही. मी आठवायचा फार प्रयत्न केला. हो म्हटलं असेन. किंवा काहीच बोललो नसेन, माझं लक्ष बटणाकडे असेल. ते सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि तेच गेलं.